पाय रेकॉर्डिंग्जची माझी नोंदवही

माझ्या घरी एक दाखल नोंदवही आहे. नोकरीत रोज भरते तसलीच, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या वहीत पुस्तकं चढतात, घरच्या वहीत एकाच संगीत कंपनीच्या सीडी आणि डाउनलोड. दाखल क्रमांक, आल्याची तारीख, कलाकार, शीर्षक, वर्ष, किंमत आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना मी मुद्दाम रुंद आखून घेतला आहे. तिथे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी एक आणि साधारण महिन्याने दुसरा, असे दोन शेरे लिहायचे असतात. पुष्कळदा ते दोन शेरे दोन वेगळ्या बायकांनी लिहिल्यासारखे वाटतात.

कंपनी न्यूयॉर्कची, नाव पाय रेकॉर्डिंग्ज. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना २२/७ घ्यायचो, तो पाय. सेथ रोझनर यांनी २००१मध्ये ती सुरू केली, पुढच्या वर्षी युलुन वांग सोबत आले. वर्षाकाठी मूठभर रेकॉर्ड काढतात. जॅझ म्हणावं तर जॅझ, पण सिनेमातल्या हॉटेलात मागे वाजतं ते नव्हे. पुढे काय येणार याचा अंदाज करता येत नाही, असं संगीत. अशा प्रयोगशील संगीतासाठी वापरतात तो 'अवांगार्द' हा शब्द मला कधी जवळचा वाटला नाही. मी 'पायवालं' म्हणते, आणि आता घरात सगळेच तसं म्हणतात.

सुरुवात आईमुळे झाली. २००९च्या मे महिन्यात माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून आला, आणि 'मावशी, हे तुझ्यासाठी, यात आपले कद्री गोपालनाथ आहेत' म्हणत त्याने एक सीडी आईच्या हातात ठेवली. त्याने ती स्वतः ऐकली नव्हती. 'किन्समेन', २००८ची. एका बाजूला कद्री, म्हणजे नागस्वरम् वाजवणाऱ्या वडिलांचा मुलगा, ज्यांनी मैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि पुढे त्या परक्या वाद्याला कर्नाटक संगीतातले गमक, म्हणजे स्वरांचे हेलकावे, बोलायला लावले. दुसऱ्या बाजूला रुद्रेश महंथप्पा, कोलोरॅडोत वाढलेला, त्याच वाद्यावर जॅझ वाजवणारा. कॉलेजच्या वयात रुद्रेशला त्याच्या भावाने गंमत म्हणून एक रेकॉर्डिंग दिलं होतं, 'सॅक्सोफोन इंडियन स्टाइल' नावाचं. ते कद्रींचं होतं. त्या गमतीतून पुढे ही सीडी झाली.

त्या रात्री आम्ही दोघी ऐकत बसलो. मोठ्या तुकड्यांच्या मधे मधे एकेकाचे छोटे आलाप आहेत, ते आले की आई मान डोलवायची. 'कल्याणी' नावाचा तुकडा आला तेव्हा म्हणाली, "अगं, हा आपला यमन." आणि ड्रम्स, गिटार सगळे तुटून पडले तेव्हाही उठली नाही. थोडी पुढे सरकून बसली, एवढंच.

आई मिरजेची आहे, आणि मीही बारावीपर्यंत मिरजेचीच. हे सांगायला हवं, कारण माझं ऐकणं तिथल्या दर्ग्यात घडलं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दरवर्षी संगीत सभा होते. आम्ही सतरंजी आणि थर्मास घेऊन जायचो. कोण गाणार आहे हे बघून गेल्याचं मला एकदाही आठवत नाही. कधीही न ऐकलेल्या गावाहून आलेला, कधीही न ऐकलेल्या नावाचा माणूस बसायचा, तंबोरे लावायचा आणि आम्ही त्याच्या स्वाधीन व्हायचो. त्या जागेने आजवर फसवलं नव्हतं, एवढी खात्री पुरायची. त्यातला एखादा झेपायचा नाही, तर एखाद्यासाठी पहाटेपर्यंत डोळे ताणून बसायचो.

पायच्या बाबतीत माझं नेमकं हेच झालं. 'किन्समेन'च्या मागच्या बाजूला कंपनीचं नाव होतं. ग्रंथपालाची सवय म्हणून मी प्रकाशकाची यादी शोधली. यादीतली बहुतेक नावं अनोळखी. मग एकेक मागवत गेले, कलाकार न बघता. चांगला संपादक असलेला दिवाळी अंक आपण अनुक्रमणिका न चाळता विकत घेतो, तसं. ज्याने दहा वर्षं आपल्याला वाचायला लावलं, त्याने यंदा नव्या कवीची सहा पानं छापली असतील तर ती वाचायची.

तेव्हा सीडीच मागवावी लागे. एक पार्सल दीड महिना वाटेत कुठेतरी अडकून पडलं होतं. आलं तेव्हा खोक्याचा एक कोपरा चेपलेला, पण तबकडी शाबूत. आता बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर लेबलचं, म्हणजे या कंपनीचं, पान फॉलो केलं आहे. नवी रेकॉर्ड जाहीर झाली की मेल येतो, एखादा तुकडा आधी ऐकायला मिळतो, बाकीचे तारखेला उघडतात. मधल्या तीन-चार आठवड्यांत तो एकच तुकडा मी ठाण्याहून जाताना लोकलमध्ये रोज ऐकते. पूर्ण रेकॉर्ड आली की आधी बाजूला ठेवते. रविवारी सकाळी, आईचा चहा झाल्यावर, स्पीकरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग नोंद.

दाखल क्रमांक २ 'मदर टंग' आहे. तीही रुद्रेशची, २००४ची. अमेरिकेत त्याला लोक विचारायचे, "तुम्ही इंडियन बोलता का?" त्याने काय केलं, तर तिथल्या भारतीय माणसांना हाच प्रश्न विचारून त्यांची उत्तरं त्यांच्या त्यांच्या भाषेत रेकॉर्ड केली. त्या बोलण्याचे चढ-उतार, थांबे, घाई हे सगळं स्वरलिपीत उतरवलं आणि त्यावर रचना बांधल्या. तुकड्यांची नावं भाषांचीच: 'कन्नड', 'गुजराती', 'तेलुगू', 'कोंकणी', 'तमिळ', 'मल्याळम'. पियानोवर विजय अय्यर. मराठी नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण 'कोंकणी' मी इतक्यांदा ऐकला की त्याची वळणं पाठ झाली. आमच्या शेजारच्या काकू मडगावच्या. फोनवर बहिणीशी बोलताना त्यांचा आवाज वाक्याच्या शेवटी जसा झुलतो, तसं काहीतरी मला त्या सॅक्सोफोनमध्ये ऐकू येतं. हा माझ्या कानाचा खेळ असेलही. पण तेव्हापासून काकूंचं बोलणं मी वेगळ्या कानाने ऐकते, हे खरं.

भाषेचा हा धागा या लेबलवर पुन्हा पुन्हा सापडतो. विजय अय्यर आणि कवी माइक लॅड यांची 'इन व्हॉट लँग्वेज?' २००३ची. तिचं शीर्षक जाफर पनाहींच्या एका प्रसंगातून आलं. २००१मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर या इराणी दिग्दर्शकाला अडवून ठेवलं होतं. परत पाठवताना विमानातल्या इतर प्रवाशांना आपण चोर नाही, गुन्हेगार नाही हे समजावून सांगावंसं त्यांना वाटलं, पण कोणत्या भाषेत सांगणार? ती रेकॉर्ड म्हणजे विमानतळावरच्या तपकिरी माणसांची मनोगतं आहेत, शब्द आणि संगीत एकमेकांत विणलेली. मावसभावाला मी ती पाठवली. त्याने चार दिवसांनी फोन केला आणि सीडीविषयी अवाक्षर न काढता, २००१च्या हिवाळ्यात नेवार्क विमानतळावर आपल्याला दोन तास कसं बसवून ठेवलं होतं ते सांगत राहिला. आठ वर्षांत त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग जेन शू. ही कोरियन, जावानीज, पूर्व तिमोरची तेतुम अशा किती भाषांतून गाते. तिची 'साउंड्स अँड क्राइज ऑफ द वर्ल्ड' २०१५ची. त्यातला शब्दही कळत नाही, तरी कुठे मागणं आहे आणि कुठे रडणं, ते कळतं. आणि स्टीव्ह लेमन यांची 'सेलेबेयोन', २०१६: सेनेगलच्या वोलोफ भाषेत आणि इंग्रजीत रॅप, त्याखाली सतत सरकणारे, पकडीत न येणारे ताल. सेलेबेयोन म्हणजे वोलोफमध्ये रस्ते एकत्र येतात ती जागा. माझा पहिला शेरा: 'गर्दी. डोकं दुखलं.' दुसरा, सहा आठवड्यांनी: 'गॅस्टन बँदिमिकचा आवाज आला की आता घरी आल्यासारखं वाटतं.'

तबल्याकडे येते. मी नऊ वर्षं शिकले, गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग लग्न, नोकरी, ठाणे. तबला कपाटावर गेला. २०१६मध्ये पायने डॅन वाइस यांची 'सिक्स्टीन' काढली. हे न्यूयॉर्कचे ड्रमर, पण पंडित समीर चटर्जींकडे वर्षानुवर्षं तबला शिकलेले. सोळा वादक-गायक, आणि रचना जॅझच्या सहा थोर ड्रमर्सना वाहिलेल्या: एल्व्हिन जोन्स, मॅक्स रोच, टोनी विल्यम्स, फिली जो जोन्स, एड ब्लॅकवेल, केनी क्लार्क. प्रत्येकाने कधीतरी एखाद्या रेकॉर्डवर वाजवलेला इवलासा तुकडा घ्यायचा आणि त्यातून अख्खी इमारत उभी करायची. आम्ही तबल्यावर कायदा, म्हणजे बोलांची एक ठरावीक रचना, वाढवतो तसंच की! चार मात्रांचं मूळ, त्याचे पलटे, उलटे, तोडून जोडलेले. आणि रेकॉर्डमध्ये मधेच बोल म्हटले जातात, तोंडाने, स्पष्ट. लोकलमध्ये माझ्या तोंडून 'अरे!' निघालं. समोरच्या बाईंनी पाणी हवं का विचारलं.

तिथून मागे जात मला त्यांची २००५ची 'तीनताल ड्रमसेट सोलो' मिळाली. ती पायची नाही, पण पायने वाट दाखवली म्हणून सापडली. अख्खा तीनतालाचा एकल तबला, ड्रमसेटवर. गिटारवर माइल्स ओकाझाकी लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून, धरतो. शांतपणे, सोळा मात्रा, पुन्हा पुन्हा. बायाँची, म्हणजे डग्ग्याची, घसरत जाणारी मींड ड्रमवर यायची कशी, हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यापासून होता. ती मींड तशी येत नाहीच. पण वजन येतं. कुठे दाबायचं, कुठे मोकळं सोडायचं, ते बरोबर येतं. हाच ओकाझाकी २०१७मध्ये स्वतःची 'ट्रिकस्टर' घेऊन पायवर आला तेव्हा मला ओळखीचा माणूस दारात आल्यासारखं झालं. त्या आठवड्यात तबला कपाटावरून खाली उतरवला. डग्ग्याची पुडी फाटली होती. मिरजेला नेऊन बदलून आणली.

हेन्री थ्रेडगिल यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. १९४४चा जन्म, शिकागोचे, व्हिएतनाम युद्धात जाऊन आलेले, सॅक्सोफोन आणि बासरी वाजवतात. नव्वदच्या दशकात एका मोठ्या कंपनीने त्यांच्या काही रेकॉर्ड काढल्या आणि मग ते संपलं. पायच्या पहिल्या दोन रेकॉर्ड, दोन्ही २००१च्या, त्यांच्याच आहेत. एकाच माणसाच्या दोन वेगळ्या वाद्यमेळांच्या दोन रेकॉर्ड एकदम काढून कंपनीचा नारळ फोडायचा, यात केवढा भरवसा आहे! दुसरी, 'अप पॉप्ड द टू लिप्स', झुइड नावाच्या मेळाची. गिटार, ट्यूबा, ऊद (अरबी तंतुवाद्य), चेलो, ड्रम्स आणि हे.

झुइडचं व्याकरण समजायला मला दोन वर्षं लागली, आणि समजलं ते गाण्याच्या भाषेतून. राग सांगतो कोणते स्वर. थ्रेडगिल प्रत्येक वादकाला सांगतात कोणती अंतरं. म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना किती पाऊल टाकायचं, त्याचा एक छोटा संच प्रत्येकाच्या वाट्याला येतो. मग स्वर कुठलाही असो. संच बदलला की चाल बदलते. सगळेच एकाच रस्त्याने चाललेले, पण प्रत्येकाच्या ढांगा वेगळ्या, म्हणून ते एकमेकांवर आदळत नाहीत आणि एका रांगेतही चालत नाहीत. हे डोक्यात बसलं त्या रविवारी मी 'धिस ब्रिंग्ज अस टू'चा २००९चा पहिला खंड लागोपाठ तीनदा ऐकला.

आणि गोवा. थ्रेडगिल कितीतरी वर्षं न्यूयॉर्क आणि गोवा अशा दोन्ही ठिकाणी राहत. हे मला उशिरा कळलं. आम्ही कॉलेजात असताना मिरजेहून रात्रीच्या गाडीने गोव्याला जायचो, बाजारात काजू आणि सुकी मासळी घेत फिरायचो. तेव्हा तिथेच कुठेतरी हा माणूस आपल्या वहीत अंतरं मांडत बसला असेल, या विचाराने मला अजूनही हसू येतं, आनंदाचं.

एप्रिल २०१६मध्ये त्यांच्या 'इन फॉर अ पेनी, इन फॉर अ पाउंड'ला संगीताचं पुलित्झर, हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं. पायनेच २०१५मध्ये काढलेली दोन तबकड्यांची रेकॉर्ड. चेपलेल्या कोपऱ्याचं पार्सल होतं ते हेच. ट्यूबा, चेलो, गिटार, ड्रम्स, प्रत्येकासाठी एकेक लांबलचक भाग. बातमी वाचली तेव्हा मी ग्रंथालयात जुन्या अंकांची बांधणी तपासत होते. सांगायला शेजारी कुणी नव्हतं. आईला फोन केला. "तो गोव्यातला?" म्हणाली. "मग पेढे आण."

सगळंच मला आवडतं असं नाही. स्टीव्ह कोलमन यांना या लेबलवर फार मान आहे आणि तो योग्यही आहे, पण त्यांच्या काही रेकॉर्डमध्ये मला श्वास घ्यायला जागा सापडत नाही. 'सिनोव्हियल जॉइंट्स'च्या शेऱ्यात अजून दुसरी ओळ नाही. जागा राखून ठेवली आहे.

उलट टायशॉन सोरी. हे ड्रमर, संगीतकार. २०२४मध्ये यांनाही पुलित्झर मिळालं, ज्या रचनेसाठी मिळालं ती ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांना वाहिलेली, आणि स्मिथ यांची रेकॉर्ड पायने २००२मध्येच काढली होती. नोंदवहीत असे धागे जुळले की मी पेन्सिलीने बारीक बाण काढते. सोरींची 'कंटिन्यूइंग' २०२३ची. पियानोवर एरन डील, बासवर मॅट ब्रूअर. चारच तुकडे. त्यातला 'सेलेरिटस' अहमद जमाल यांचा, आणि तो इतका सावकाश चालतो की पहिल्या वेळी मला वाटलं काहीतरी अडलं आहे. मग पाठ आपोआप ताठ झाली. हा तर विलंबित! मिरजेला आमच्या गुरुजींनी मला पहिल्यांदा गाण्याच्या साथीला बसवलं तेव्हा फक्त एवढंच सांगितलं होतं, "वाजवायचं नाही. ठेका द्यायचा." विलंबित एकतालात दोन मात्रांमध्ये केवढं मैदान पसरलेलं असतं! हात शिवशिवतात, भरून टाकावंसं वाटतं, आणि ते न भरणं हीच साथ. सोरी हवं ते वाजवू शकतात, त्यांच्या इतर रेकॉर्ड ऐकल्या की धडकी भरते. इथे ते ठेका देतात. झांजेवर एक टिचकी, मग बराच वेळ काही नाही, आणि त्या 'काही नाही'ला आकार आहे. माझा शेरा: 'गुरुजींना ऐकवायला हवं होतं.' त्याखाली दुसरा शेरा मी लिहिलाच नाही. गरज वाटली नाही.

सध्याची शेवटची मोठी नोंद सोरींचीच आहे, २०२४ची 'द ससेप्टिबल नाऊ'. तिचे दोन्ही शेरे लिहून झाले आहेत. आता पुढच्या मेलची वाट बघते आहे. वाट बघण्याच्या या दिवसांत मी जुनं काढते, आणि या वेळी हाताला पुन्हा 'मदर टंग' लागली. अकरा तुकडे ऐकून झाल्यावर वाटलं, रुद्रेशने जे त्या माणसांच्या बोलण्याचं केलं ते आपण आईच्या बोलण्याचं करून बघावं. स्वरलिपी मला नीट येत नाही, पण लय येते.

आईला विचारलं, "आई, तू काय बोलतेस ते मी फोनवर रेकॉर्ड करू?" ती म्हणाली, "माझं काय करायचंय?" मग विसरून गेली. मी फोन स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ठेवला. अर्धा तास भांडी, कुकरची शिट्टी, गवार निवडताना स्वतःशी पुटपुटणं. आणि मग, मी आत आले नाही म्हणून, तिने दारातून हाक मारली:

"तुझा चहा निवला गं."

उच्चारात सात अक्षरं, 'निव' एकच. तु-झा-च, हा-निव, ला-गं. तीन, दोन, दोन. रूपक ताल. आणि रूपकात समेवरच खाली असते, पहिल्या मात्रेवर बायाँ गप्प. आईचा 'तु'ही तसाच, जवळजवळ न उच्चारलेला, आणि सगळं वजन 'हा'वर. मी ती हाक पंचवीस वेळा ऐकली. तबला लावून बसले. आधी नुसता ठेका, ती ती ना धी ना धी ना, मग त्यावर तिची वळणं, मग 'गं'चा तो लांबलेला शेवट, जो तबल्यावर येत नाही आणि डग्ग्यावर थोडासा येतो.

नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने बोल लिहून ठेवले आहेत. दाखल क्रमांक अजून दिलेला नाही. आई आत्ताच विचारून गेली की रोज संध्याकाळी तेच तेच सातचं काय वाजवत बसतेस.